फ्रेंचची वाट इंग्रजीवरूनच का?

वरूडसारख्या संत्र्यांच्या तालुक्यात चाळिशीतील एखाद्या कारकुनाने फ्रेंचचे पहिले पुस्तक उघडले, की ‘आता या वयात?’ हा प्रश्न ठरलेला. त्याचे उत्तर लोकमान्य टिळकांनी देऊन ठेवले आहे. १९०८ मध्ये मंडालेच्या तुरुंगात गेले तेव्हा ते ५२ वर्षांचे होते. तेथे त्यांनी पुस्तकांच्या आधारे फ्रेंच, जर्मन व पाली या भाषांचा अभ्यास केला.

खरी अडचण वयाची नव्हे. शहरातील विद्यार्थी बारावीच्या गुणांसाठी फ्रेंच घेतो. प्रौढाला ते आमिष नसते. तो दिवसभराच्या कामातून वाचलेला एक तास खर्ची घालतो. आणि त्यातला अर्धा तास इंग्रजीच गिळते! निर्जीव वस्तूलाही लिंग असते, हे इंग्रजी पुस्तक पानेच्या पाने समजावीत बसते. ‘ती खुर्ची, तो पलंग’ म्हणणाऱ्याला त्यात नवल कसले? फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग नाही, एवढे सांगितले की पुरे. कोणत्या शब्दाचे लिंग कोणते, हे मात्र पाठच करावे लागते. ‘त्यु’ आणि ‘वू’ यांतील भेद म्हणजे बव्हंशी आपले ‘तू’ आणि ‘तुम्ही’. ऐंशीला फ्रेंच माणूस ‘चार वीस’ म्हणतो, हे विसांनी हिशेब करणाऱ्या जुन्या पिढीला विचित्र वाटले नसते.

अमरावती विद्यापीठाने मराठीच्या अंगाने फ्रेंच शिकविणारे सुबोध पुस्तक काढून तालुक्यांच्या वाचनालयांत ठेवावे. गावोगावी वर्ग चालविण्यापेक्षा हा खर्च कितीतरी कमी आहे.