इथं काही मिळत नाही म्हणे!

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी एक कागद घेऊन घरी आले. "बाई, जरा शुद्धलेखन तपासून देता का?" सोसायटीत नवीन राहायला येणाऱ्यांसाठी माहितीपत्रक काढायचं चाललं होतं. आमच्या विश्रामबागेत हल्ली बँकेत बदली होऊन आलेले, दवाखान्यांत नोकरीला आलेले, मुलाच्या नोकरीपायी गाव सोडून आलेले म्हातारे आईवडील असे बरेच भाडेकरू असतात. चौतीस वर्षं मराठी शिकवलं आणि निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, तरी गल्लीतले सगळे ऱ्हस्व-दीर्घ अजून माझ्याच दारात येतात. असो. लाल पेन घेऊन बसले.

'दुध', 'नळपट्टि', 'कचरागाडि' इथपर्यंत नेहमीचंच. मग 'खरेदी' असं शीर्षक आलं. त्याखाली एक सुपरमार्केट, दोन मोठी शोरूम, तीन मोबाईल ॲपची नावं आणि शेवटी ही ओळ: 'इतर सर्व खरेदीसाठी कोल्हापूर अथवा पुणे सोयीचे.'

व्याकरणाच्या दृष्टीनं वाक्य निर्दोष! मी पेन खाली ठेवलं आणि आधी चहा टाकला. रागाच्या भरात शेरे मारू नयेत, हे मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकले होते.

मला राग नव्यानं आलेल्यांचा नाही. त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक? राग आहे तो आपल्याच सांगलीकरांचा. हे पत्रक लिहिणारे तिघेही इथंच जन्मले. त्यांच्या मुंजीचे कपडे कापड पेठेत घेतले, आईचे दागिने सराफ कट्ट्यावर घडले. आणि आता पाहुण्याला ही मंडळी खुशाल सांगतात, इथं काही मिळत नाही, पन्नास किलोमीटरवर कोल्हापूर आहे तिकडं जा. पेठेत शेवटचे कधी गेला होतात, असं सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले, "गाडी लावायला जागा नसते हो बाई." म्हणजे गाडीला जागा नाही, म्हणून गावात काही मिळत नाही!

आमच्या वरच्या मजल्यावर अकोल्याची एक मुलगी राहायला आली आहे. लग्नाला वर्ष झालं, नवरा बँकेत. तिला सुपरमार्केट सापडायला पत्रक लागलं नाही, ते रस्त्यावरून दिसतंच. ती माझ्याकडं आली ती हातात कुकरचं जुनं रबर घेऊन. "काकू, या मापाचं कुठं मिळेल? ॲपवर तीनदा मागवलं, तीनही वेळा चुकीचं आलं." मला विचाराल तर नवीन माणसाची खरी अडचण ही असते. टीव्ही कुठं घ्यावा, ही नव्हे. कुकरचं रबर, साडीला लावायचा फॉल, जुन्या गादीतला कापूस पिंजून देणारा, दळण नीट दळणारी गिरणी. हे ज्याला सापडलं तो त्या गावात राहायला लागला असं समजावं.

तर एका शनिवारी तिला रिक्षात घालून गावात नेलं. शनिवारी आठवडा बाजार असतो, गर्दी मरणाची. पण मुद्दामच नेलं. भांड्यांच्या दुकानातल्या म्हाताऱ्यानं रबर हातात घेतलं, बोटांवर ताणलं, कुठल्या कंपनीचा कुकर ते विचारलंसुद्धा नाही, मागं खुंटीला लटकवलेल्या जुडग्यातून एक काढून दिलं. घरी जाऊन लावलं, बरोबर बसलं. (माझी स्वतःची गोष्टही सांगून टाकते. २०२० च्या टाळेबंदीत मीही मिक्सर घरबसल्याच मागवला होता. वर्षभरात त्याच्या भांड्याचं पातं अडकलं, तेव्हा मी कुणाकडं गेले असेन? याच म्हाताऱ्याकडं. त्यानं नवं विकायचा प्रयत्न केला नाही, तेच मोकळं करून दिलं.)

मग मॅचिंगच्या दुकानात अस्तर आणि फॉल. फोनच्या पडद्यावर मोरपिशी रंग निवडून बघा कुणी, आणि मग सांगा मला! गणपती पेठेत किराणा. तिथं तिची जरा गंमत झाली. तिनं तिखट मागितलं, दुकानदार म्हणाला, "तिखट का चटणी?" तिला वाटलं इडलीबरोबरची. कांदा-लसूण घालून केलेल्या तिखटाला आमच्याकडं चटणी म्हणतात, ही माहिती कुठल्या पत्रकात मिळणार? पन्नास ग्रॅम चटणी चवीपुरती घेतली. पन्नास ग्रॅम! कुठलं पाकीट एवढं कमी देतं?

आणि हळद. २०१६ साली सांगलीच्या बेदाण्याला आणि २०१८ साली हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. देशभरचे व्यापारी हळदीच्या सौद्यांना आमच्या मार्केट यार्डात येतात. आणि इथं राहायला आलेली मुलगी कुठूनतरी डबाबंद होऊन आलेली हळद ॲपवरून मागवत होती. हळकुंडं घेऊन ती समोर कांडून घ्यायची असतात, हे ऐकून तिला नवल वाटलं. कांडपाच्या दारात उभ्या उभ्या दोघींच्या पदरांवर पिवळा थर बसला. खपली गहू कुठं चांगला मिळतो, मिरजेच्या लक्ष्मी मार्केटात भाजी कशी असते, हे सगळं परतताना रिक्षातच सांगितलं. तंबोरा हवा असता तर तोही मिरजेत दाखवला असता, पण तिला गाण्याची आवड नाही.

आता पेठेची बाजूही फार धुतल्या तांदळासारखी नाही. एका दुकानात मुलीनं तीन पडदे उलगडून बघितले तर मालक म्हणाला, "घ्यायचंय का नुसतं बघायचंय?" मी चष्म्यावरून बघितलं तसा गप्प बसला, पण ती एकटी असती तर? पुन्हा त्या दुकानाची पायरी चढली नसती, आणि बरोबरच केलं असतं. दुपारी एक ते चार कुलूप. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी तर गल्ल्यावरच्या गणपतीच्या शेजारीच. किंमत विचारल्याशिवाय कळत नाही आणि विचारली की माणूस बघून सांगतात. आणि बाईमाणसाला दोन-तीन तास बाजारात काढायचे तर स्वच्छतागृह शोधत फिरावं लागतं. माझ्या वयाला तर हे सगळ्यात आधी आठवतं. नवी पिढी सुपरमार्केटात जाते ती काही नुसत्या एसीसाठी नाही. माझा एक जुना विद्यार्थी कापड पेठेत दुकान चालवतो, त्याला हे तोंडावर ऐकवलं. मान खाली घालून ऐकून घेतलं. पूर्वी वर्गातही असंच ऐकायचा आणि मग काही करायचा नाही!

पण त्याच्याच दुकानात मी ऑगस्ट २०१९ मध्ये, कृष्णेचा पूर ओसरल्यावर गेले होते. वरच्या फळीपर्यंत पाणी चढलेलं. भिजलेल्या साड्यांचे गठ्ठे बाहेर रस्त्यावर, आणि सगळीकडं तो चिखलाचा वास. "या की बाई," म्हणाला, आणि बसायला द्यायला एक कोरडी खुर्ची शोधत राहिला. त्यानं दुकान पुन्हा उभं केलं. २०२१ च्या जुलैत पाणी परत आलं, त्यानं परत उभं केलं. त्या दोन दिवाळ्यांना आमच्या सोसायटीतल्या किती जणांनी पेठेत खरेदी केली, हे मी मोजलेलं नाही. बोनसचे खोके मात्र रोज गेटवर येऊन पडत होते, ते बघितले.

त्याचा मुलगा पुण्यात नोकरीला लागला. दुकानात बसणार नाही म्हणतो. पूर त्याला घाबरवत नसावा, रिकामी दुपार घाबरवत असावी. असं एकेक दुकान मिटलं की पत्रकातली ती ओळ आपोआप खरी होईल, मग माझ्या लाल पेनाला तिथं काही काम उरणार नाही.

तर मी ती ओळ खोडली आणि माझ्या हातानं लिहायला बसले. रबर, फॉल, दळण, हळद, पिंजारी, कुठली गल्ली, किती वाजता उघडं, कुठं भाव करावा आणि कुठं करू नये. अडीच पानं झाली. सेक्रेटरी म्हणतात, पत्रक एका पानातच बसलं पाहिजे. मी म्हटलं, मग ॲपची नावं काढा, ती सगळ्यांच्या फोनमध्ये असतातच. त्यावर त्यांनी विषय कमिटीपुढं ठेवला आहे. मीटिंग येत्या शनिवारी संध्याकाळी पाचला. ऐन बाजाराच्या वेळी ठेवली आहे, त्यावरूनच काय ते समजा.