लघवीत लाली दिसली तर

मैत्रिणींनो, आज जरा संकोचाचा विषय घेते. लघवीत रक्त दिसलं तर आपण बायका सांगतो कुणाला? बहुधा कुणालाच नाही. पाळी जवळ आली असेल, उन्हाळी लागली असेल, असं म्हणत सब्जाचं नाहीतर धन्याजिऱ्याचं पाणी पितो नि कामाला लागतो. दुसऱ्या दिवशी लघवी स्वच्छ झाली की विषय संपला! पण तो तिथे संपत नाही. दुखो वा न दुखो, एकदाच का दिसेना, तपासणी करायलाच हवी.

आधी खात्री करा. बीट खाल्ल्यावर लघवी लालसर होते. क्षयाच्या औषधातल्या रिफाम्पिसिननेही ती नारिंगी-लाल दिसते. पाळीचा डाग कपड्यावर पडतो, लघवीतलं रक्त लघवी करतानाच दिसतं. आणि पाळी जाऊन वर्षं लोटलेल्या सासूबाई "पुन्हा आली वाटतं" म्हणाल्या, तर हसण्यावारी नेऊ नका. रक्त लघवीतलं असो की गर्भाशयातलं, दोन्हींची तपासणी लवकर व्हावी लागते.

आग होणं, सारखी लागणं, ओटीपोट दुखणं, ही बहुधा जंतुसंसर्गाची लक्षणं. कमरेतून जांघेकडे उतरणारी जीवघेणी कळ आली तर मुतखड्याचा संशय घ्यावा. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे. विहिरी-बोअरचं पाणी खारट, आणि किडनीच्या दुखण्याची गावोगाव धास्ती. त्यामुळे लाली दिसली की "खड्याचंच असंल, पाणीच तसं हाये आपलं" म्हणून हुलग्याचा काढा सुरू होतो. पाण्याची तक्रार खरीच आहे, पण सगळा दोष पाण्यावर टाकून तपासणी टाळली की घात होतो.

कारण, मला खरी भीती वाटते ती न दुखणाऱ्या रक्ताची. मूत्राशयाच्या कर्करोगात पुष्कळदा पहिली खूण हीच असते, आणि रक्त चार दिवस दिसून महिनोन् महिने थांबतंही. बिडी-सिगरेट ओढणाऱ्यांना धोका जास्त. म्हणून घरातल्या पुरुषांनाही विचारा. ते तर आपल्याहून लाजरे! विदर्भात सिकलसेल आढळतो, त्याच्या नुसत्या वाहकालाही कधी असं रक्त जातं. मुलांचा घसा किंवा अंगावरचे फोड बरे होऊन एक-दोन आठवड्यांनी लघवी कोऱ्या चहासारखी झाली, चेहरा सुजला, तर मूत्रपिंडाला सूज आलेली असू शकते. अशा मुलाला त्याच दिवशी दाखवावं.

तपासणीची सुरुवात साध्या लघवीने होते. त्यात सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशी, पू आणि प्रथिनंही पाहतात. नमुना पाळीत देऊ नये. तातडीने द्यावाच लागला तर तसं सांगावं. जागा धुऊन, पहिली धार सोडून, मधली धार प्रयोगशाळेच्याच बाटलीत धरावी. घरची औषधाची रिकामी बाटली विसळून नेणाऱ्या पुष्कळ जणी आहेत, तिच्यावर भरवसा नको. नमुना तासाभरात पोचवावा. कल्चर सांगितलं असेल तर नमुना अँटिबायोटिक सुरू करण्याआधी द्यावा. रक्तातलं क्रिएटिनिन पाहिलं की मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज येतो. सोनोग्राफीत खडा, सूज, गाठ दिसते, पण मूत्राशयातली बारीक गाठ तिच्यातून निसटू शकते. म्हणून चाळिशीच्या आसपास किंवा पुढच्या वयात डॉक्टर दुर्बिणीची तपासणी सांगतात. तिला घाबरून परत येऊ नका.

रक्ताच्या गुठळ्या पडणं, लघवी तुंबणं, थंडी वाजून ताप येणं, किंवा दिवस गेलेले असताना रक्त दिसणं, यात सकाळची वाट पाहू नये. आणि दुखण्याच्या गोळ्या दुकानातून आणून खाऊ नयेत, मूत्रपिंडाला त्या बाधू शकतात.

एक राहिलंच. औषधाने आग थांबली तरी उपचार संपल्यावर लघवी पुन्हा तपासून घ्या. त्यात रक्तपेशी दिसत राहिल्या तर जुने-नवे सगळे कागद एका पिशवीत घालून मूत्ररोगाच्या डॉक्टरांकडे जा.