सर्व्हर म्हातारा आहे, म्हणून काय झालं?

"आधी सर्व्हर अपग्रेड करा" हे उत्तर मला मुळीच पटत नाही. नवा क्लायंट जुन्या सर्व्हरशी बोलत नाही म्हणून तक्रार करावी, तर वर हे ऐकून घ्यायचं. अरे बाबा, अपग्रेड माझ्या हातात असतं तर बोंब कशाला मारली असती? लॅपटॉपवरचा क्लायंट ऑपरेटिंग सिस्टिमच्या अपडेटबरोबर नकळत नवा होतो. सर्व्हर मात्र कोणाच्या तरी मंजुरीची आणि रविवार रात्रीच्या मुहूर्ताची वाट बघत वर्षानुवर्षं तसाच चालू असतो. नवा क्लायंट आणि जुना सर्व्हर ही गाठ पडणं अगदी रोजचं आहे.

माझं म्हणणं, सांभाळून घ्यायचं ते नव्याने. जुना सर्व्हर कसा वागतो हे नवा क्लायंट लिहिणाऱ्याला ठाऊक असतं. पुढे काय येणार हे जुन्या सर्व्हरला कसं कळणार? तो काय ज्योतिषी आहे?

डेटाबेसच्या बॅकअपचंच घ्या, तिथे चटका जास्त बसतो. मायएसक्यूएल ८.० आलं २०१८ मध्ये. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमधल्या मायएसक्यूएल-डम्पने ५.७ चा बॅकअप घ्यायला गेलं, की तो 'कॉलम स्टॅटिस्टिक्स' हे टेबल मागायचा. ५.७ मध्ये हे टेबलच नाही. एरर, आणि डम्प तिथेच बंद. कॉलम-स्टॅटिस्टिक्स हा ऑप्शन ० केला की काम होतं, पण ते शोधायचं कोणी? तर वापरणाऱ्याने! खरं तर कनेक्शन जोडतानाच सर्व्हर स्वतःची आवृत्ती सांगतो. ती बघून तो एक प्रश्न गाळायचा, एवढंच होतं.

त्यात डम्प सरळ जीझिपला पाइप केलेला असेल तर आणखी मजा. पाइपफेल लावलं नसेल तर शेल शेवटच्या कमांडचा निकाल धरतं. जीझिप बिचारं आलं तेवढं गुंडाळून 'यशस्वी' सांगतं. फाइल तयार, आत डेटा नाही, आणि हे कळणार कधी, तर रिस्टोर करायच्या दिवशी.

आता पोस्टग्रेस बघा. तिथला पीजी-डम्प सर्व्हरची आवृत्ती विचारतो आणि त्याप्रमाणे क्वेरी बदलतो. त्याचा कोड उघडलात तर आवृत्तीच्या तुलना करणारे इफ जागोजागी दिसतील. दिसायला ओंगळ आहे, कबूल. पण त्या ओंगळपणावर कितीतरी लोकांचं स्थलांतर चालतं. जुन्यातून नव्यात जाताना नव्या आवृत्तीचाच पीजी-डम्प वापरा, असं त्यांचं मॅन्युअल सांगतं. म्हणजे जुना सर्व्हर सोडायलाही त्याच्याशी नीट बोलणारा नवा क्लायंट लागतो! "आधी अपग्रेड करा" म्हणणाऱ्यांच्या हे लक्षातच येत नाही.

जन्मभर सांभाळा असंही मी म्हणत नाहीये. प्रत्येक जुन्या आवृत्तीवर टेस्ट करायची म्हणजे ती आजच्या मशीनवर बिल्ड तरी व्हायला हवी. पोस्टग्रेसनेही २०२२ मध्ये १५ काढताना ९.२ च्या आधीच्या सर्व्हरांचा आधार काढला. ९.२ आलं होतं २०१२ मध्ये. दहा वर्षं म्हणजे पुष्कळ झाली, आणि सीमा कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलेलं आहे.

सुरक्षेचा प्रश्न असेल तर मात्र मी गप्प बसतो. ओपनएसएसएच ८.८ ने २०२१ मध्ये एसएचए-१ वापरणाऱ्या आरएसए सह्या डिफॉल्टने बंद केल्या. ७.२ च्या आधीचे सर्व्हर एकदम परके झाले. वैताग आला लोकांना, पण कारण रास्त होतं. शिवाय कॉन्फिग फाइलमध्ये फक्त त्या एका होस्टपुरतं जुनं अल्गोरिदम चालू करता येतं, बाकी सगळीकडे बंदच. निदान ते जुनं यंत्र हलवेपर्यंत आत शिरायची सोय राहते.