भाऊसाहेबांचं हस्ताक्षर
मेळघाटातल्या धारणीच्या पोरांना डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख भेटतात ते पुतळ्यांत आणि संस्थांच्या पाट्यांवर. १८९८ साली पापळला जन्मलेले, १९३२मध्ये शिवाजी शिक्षण संस्था उभारणारे, पुढे देशाचं कृषिमंत्रिपद सांभाळणारे भाऊसाहेब जयंतीच्या हारांतून कळत नाहीत. त्यांची पत्रं, टिपणं, १९५९च्या दिल्लीतल्या जागतिक कृषी प्रदर्शनाचे फोटो कुणाच्या घरी ट्रंकेत असतील, तर वाळवी लागायच्या आत त्यांची नोंद करा. कऱ्हाडला यशवंतराव चव्हाणांचं ‘विरंगुळा’ हे घर जपलं, त्यांची पुस्तकंही जपली. तिथं माणूस काय वाचत होता ते दिसतं. वऱ्हाडानं भाऊसाहेबांसाठी असा संग्रह उभारायलाच हवा. आणि त्या संग्रहाच्या प्रती मेळघाटात आणा, माहिती कोरकू भाषेतही लिहा. तो पाहायला इथल्या पोरांना घाट उतरून अमरावती गाठायला लावू नका.