शेरलॉक आणि पॉजचं बटण

बीबीसीच्या 'शेरलॉक'चे भाग आहेत फक्त तेरा. २०१० ते २०१७ या काळात तीन-तीन भागांचे चार सीझन आणि १ जानेवारी २०१६ ला आलेला एक स्पेशल. प्रत्येक भाग साधारण दीड तासाचा, म्हणजे एका लाँग वीकेंडमध्ये सगळं उरकतं. आणि उरकलं की मित्रमंडळींत वाद ठरलेला. सगळ्यात भारी भाग कुठला? (पुढे रहस्यं फोडली आहेत. पाहिलं नसेल तर आधी बघून या!)

बहुतेक जण क्रमवारी लावतात ती कंबरबॅचच्या संवादांवर नाहीतर मोरिआर्टीच्या एंट्रीवर. माझा निकष सोपा आहे. शेरलॉक उत्तर सांगणार, त्याआधी पॉज दाबायचं आणि स्वतःला विचारायचं, 'आत्तापर्यंत जे दाखवलं त्यावरून मला हे सुचू शकलं असतं का?'

या हिशोबाने पहिला नंबर पहिल्याच भागाचा, 'अ स्टडी इन पिंक'. शेरलॉक आणि वॉटसन लंडनच्या गल्ल्यांतून धावत जाऊन एक टॅक्सी अडवतात, आतला पॅसेंजर बघतात आणि 'हा नव्हे' म्हणून सोडून देतात. खुनी पुढे स्टीअरिंगवर बसलेला! आपणही पॅसेंजरकडेच बघत असतो. काही म्हणजे काही लपवलेलं नसतं.

दुसरा 'द ग्रेट गेम'. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे शेरलॉकला माहीत नाही, यावर सुरुवातीलाच वॉटसनशी वाद होतो. आपण हसतो आणि विसरतो. पुढे व्हर्मीरचं बनावट चित्र पकडलं जातं ते नेमकं एका ताऱ्यामुळे. १८५८ साली दिसलेला तारा १६४० च्या दशकातल्या चित्रात येईल कसा?

तिसरा 'द साइन ऑफ थ्री'. 'लग्नाचा व्हिडिओ' म्हणून अनेकांनी याला नावं ठेवली. पण शेरलॉक भाषणात जे जुने किस्से सांगतो, तेच त्या लग्नात चाललेल्या खुनाच्या कटाचे धागे निघतात. चौथा 'द रायकेनबाख फॉल', पाचवा 'अ स्कँडल इन बेल्ग्रेव्हिया'.

'द ब्लाइंड बँकर'ला सगळे तळाशी टाकतात. त्यातलं चिनी माणसांचं चित्रण जुनाट आहे हे मान्य. पण संकेतलिपीची किल्ली म्हणून लंडनचं साधं नकाशांचं पुस्तक निघतं, हे कोडं चोख आहे. माझ्याकडे तो सातवा.

घसरण सुरू होते 'द एम्प्टी हर्स'पासून. छतावरून पडून शेरलॉक वाचला कसा, यावर लोकांनी २०१२ ते २०१४ अशी दोन वर्षं डोकी लढवली. मालिकेने काय केलं? त्या डोकी लढवणाऱ्यांचीच गंमत केली आणि ठाम उत्तर दिलंच नाही. शेवटच्या 'द फायनल प्रॉब्लेम'मध्ये तर शेरलॉकची बहीण नुसतं बोलून कुणाकडूनही काहीही करून घेते. इथे पॉज दाबून शोधायचं काय? म्हणून तेरावा.

'एवढं काय, टीव्ही सिरियलच तर आहे' असं म्हणाल. पण हा फरक आपण ऑफिसात रोज बघतो. एक सिनियर येतो, दोन मिनिटांत बग सोडवतो आणि निघून जातो. दुसरा लॉगमधल्या त्या ओळीवर बोट ठेवून विचारतो, 'इथे काय दिसतंय?' पहिल्याच्या हुशारीचे किस्से कँटीनमध्ये रंगतात. पण तो रजेवर गेला की टीम अडते. दुसऱ्याची टीम अडत नाही.

सुरुवातीचा शेरलॉक उद्धट होता, तरी बघणाऱ्याला सोबत घेऊन पळत होता. नंतर त्याला फक्त टाळ्या हव्या होत्या. मला अजूनही पळायला जास्त आवडतं. बघा पटतंय का.