खापराचा मुखवटा आणि यंत्राचा होकार

सिंड्रेलाला यंत्राचा पाय लावला म्हणून परीकथा आधुनिक होत नाही. मरिसा मायर यांच्या २०१२ सालच्या 'सिंडर' या कादंबरीची नायिका अर्धी माणूस, अर्धी यंत्र. भविष्यातल्या बीजिंगच्या बाजारात ती यंत्रं दुरुस्त करते आणि राजपुत्र बिघडलेला यंत्रमानव घेऊन तिच्या गाळ्यावर येतो. हे गमतीचं आहेच, पण कथेचं बळ दुसरीकडे आहे: कायद्याने ती सावत्र आईच्या मालकीची आहे. जुन्या सिंड्रेलाबद्दल इतकं उघड कुणी बोललं नव्हतं. 'रोबो' हा शब्दच मुळी चेक भाषेतल्या वेठीच्या शब्दावरून आला, कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकातून. चुलीपाशी राबणारी पोर आणि रोबो, दोघंही वेठबिगारच. म्हणून यंत्रमानवाची प्रेमकथा लिहिणाऱ्याला एक प्रश्न टाळता येणार नाही: ज्याला नकार देता येत नाही, त्याच्या होकाराला प्रेम म्हणायचं का?

बंगळूरजवळच्या येलहंक्यात हा प्रश्न फार जवळून भेटतो. इथले सरदार केंपेगौडा यांनी १५३७ मध्ये बंगळूरचा किल्ला उभारला. त्याचा दरवाजा पुन्हा पुन्हा ढासळू लागला तेव्हा त्यांची गरोदर सून लक्ष्मम्मा हिने स्वतःचा बळी दिला, अशी दंतकथा आहे. तळ्याला पाणी लागावं म्हणून जीव देणारी कन्नड लोकगीतातली भागीरथीही सूनच. (सासऱ्याचा बळी कुठलंच तळं मागत नाही.) आणि याच येलहंक्याच्या हवाई दलाच्या तळावर, फेब्रुवारी २०२१ च्या 'एरो इंडिया'त, हिंदुस्थान एरोनॉटिक्सने 'वॉरियर' या विनावैमानिक विमानाची प्रतिकृती मांडली. तेजस या लढाऊ विमानाच्या सोबतीने उडायचं आणि वैमानिकाच्या वाट्याचा धोका स्वतःवर घ्यायचा, हे त्याचं काम. अशा यंत्रांना जगभर 'लॉयल विंगमन' म्हणतात, म्हणजे निष्ठावंत साथीदार. यंत्राला निष्ठा कुठली? त्याच्यात हुकूम भरलेला असतो. युद्धात ते रास्तच, माणसाचा जीव वाचतो. प्रेमकथेत मात्र हुकमाला निष्ठा म्हटलं की लक्ष्मम्माच्या दरवाजाची आठवण व्हावी.

यावर उतारा कन्नड लोककथेतच आहे. ए. के. रामानुजन यांनी इंग्रजीत आणलेली 'हंची' ही कर्नाटकाची सिंड्रेला. सोन्यासारख्या केसांच्या मुलीवर सख्ख्या भावाचीच वासना जडते, तेव्हा आई तिला मातीचा मुखवटा देऊन घराबाहेर काढते. हंचू म्हणजे खापर, त्यावरून ती हंची. परक्या घरी ती स्वयंपाकाला राहते आणि एके दिवशी मुखवटा उतरवून न्हात असताना त्या घरचा धाकटा मुलगा तिला पाहतो. परीची जादू नाही, काचेची चप्पल नाही. कथा सुरू होते ती नकारापासून. त्या खापराच्या जागी धातूचा चेहरा ठेवून पाहा. यंत्र तिच्यावर लादलेलं राहत नाही, ते तिचं चिलखत होतं. नव्या कथाकाराला बदलायचंच असेल तर ते चोरून पाहणं बदलावं. चिलखत कधी आणि कुणासमोर उतरवायचं, हे हंचीला ठरवू द्यावं.

यंत्राला भावना नसतात, मग हे सगळं कशाला, असं कुणी म्हणेल. बेडकाचा राजपुत्र झालेला आपण खपवून घेतो, तेव्हा प्राणिशास्त्र विचारत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कधीही न रुसणारं, सदैव गोड बोलणारं यंत्र हाच आदर्श जोडीदार, असं अशा कथांतून तरुण मनावर ठसेल. हा धोका खरा आहे, आणि आज्ञाधारक यंत्रकन्येच्या कथा त्याला खतपाणी घालतात. पण चापेक यांच्या नाटकाच्या शेवटी दोन रोबोंपैकी एकाला चिरून पाहायची वेळ येते, तेव्हा ते एकमेकांसाठी आडवे होतात. प्रेम उगवतं ते हुकूम मोडताना. बर्नार्ड शॉ यांनीही 'पिग्मॅलियन' या नाटकातल्या एलायझाचं लग्न तिला घडवणाऱ्या प्राध्यापकाशी लावायला ठाम नकार दिला होता. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ मध्ये त्याच नाटकाची 'ती फुलराणी' केली आणि भक्ती बर्वे यांची मंजुळा मराठी प्रेक्षकाच्या मनात राहिली ती प्राध्यापकावर उसळणारी म्हणून, त्याने शिकवलेलं शुद्ध बोलणारी म्हणून नव्हे. घडवलेल्या बाहुलीने उलट बोलावं, याला आपल्या प्रेक्षकाने केव्हाच टाळ्या दिल्या आहेत. तेव्हा मराठीत यंत्रकन्येची प्रेमकथा लिहायला बसणाऱ्यांनी राजपुत्र नंतर शोधावा, आधी तिला भांडू द्यावं.