ताजीन घ्यावं का?

मोरोक्कोला कुणी निघालं की एक प्रश्न हमखास येतो, ते शंकूच्या टोपीचं मातीचं भांडं आणावं का? एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून या वीकेंडला हेच पुराण.

ताजीन हे भांड्याचंही नाव आणि त्यात शिजणाऱ्या पदार्थाचंही. खाली पसरट जाड थाळा, वर उंच शंकू. विकणारे शंकूचीच महती गातात. वाफ वर जाते, गार होते, थेंब होऊन परत रश्शात पडते. खरं आहे हो, पण त्यात जादू ती काय? आपल्याकडे भाजी टाकली की झाकणावर पाणी ठेवतात ते याचसाठी. घट्ट झाकणाचं कुठलंही जाड पातेलं हे काम करतं. निव्वळ शंकूवर भाळून घेणार असाल तर राहू द्या.

खरा फरक माती आणि आचेचा. माती हळू तापते, हळू निवते. तिकडे ताजीन कोळशाच्या शेगडीवर ठेवतात. मंद धग, पाणी अगदी थोडं, आणि मटण असेल तर दोनेक तास. सोबत कांदा, सुके जर्दाळू, किंवा कोंबडीबरोबर ऑलिव्ह आणि मिठात मुरवलेलं लिंबू. घाई करायची सोयच नाही, एकदम आच वाढवलीत तर भांडं तडकतं. मला तरी हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. (कुकरच्या तीन शिट्ट्यांवर वाढलेल्यांना पटायला वेळ लागेल :) )

आता मुख्य भानगड. फेसची निळी नक्षी, सफीची रंगीबेरंगी ताजीनं बघून जीव जातो, पण नक्षीवाली बरीचशी वाढण्यासाठी असतात, शिजवण्यासाठी नव्हे. पारंपरिक झिलईत शिसं असू शकतं, आणि आंबट पदार्थात ते जास्त उतरतं. आणि ताजीनमध्ये तर लिंबू हवंच! शिशाला ना वास ना रंग, त्यामुळे जेवताना काही कळत नाही. लहान मुलांच्या मेंदूला मात्र त्याने कायमची इजा होऊ शकते. दुकानदार "काही होत नाही साहेब" म्हणाला म्हणून झिलईतलं शिसं जात नाही. घरात पोरं असतील तर या बाबतीत मी कुणाचंच ऐकणार नाही.

तेव्हा घ्यायचंच तर साधं, विटकरी, आतून-बाहेरून झिलई नसलेलं घ्या. बहुधा तेच सगळ्यात स्वस्तही असतं. दिसायला गरीब, पण कामाचं. आणल्यावर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, सुकवा, तेल चोळून मंद आचेवर तापवा. गॅसवर ठेवताना खाली जाड तवा हवा. माती साबण पिते, म्हणून धुवायला नुसतं गरम पाणी. आणि गरम भांडं गार ओट्यावर टेकवू नका, खाली लाकडी पाट घ्या.

घरी फक्त इंडक्शन असेल तर विषयच संपला, त्यावर माती तापत नाही.